कथेचा शेवट आणि प्रेक्षकांचा कौल

बेचाळीस वर्षे चाललेली एक कथा २० डिसेंबर २०१९ रोजी संपली. 'स्टार वॉर्स' या अमेरिकन अंतराळसाहसाच्या मालिकेतील नववा आणि स्कायवॉकर घराण्याच्या कहाणीचा अखेरचा भाग, 'द राइज ऑफ स्कायवॉकर', त्या दिवशी प्रदर्शित झाला. आणि ज्यांनी या मालिकेवर जिवापाड प्रेम केले होते, त्याच प्रेक्षकांत त्याने दुफळी माजविली. आपल्या बालपणाला योग्य तो निरोप मिळाला, असे एका वर्गाला वाटले. आपली फसवणूक झाली, असे दुसऱ्याला वाटले. तिसरा वर्ग असाही होता की, त्याला पाहताना करमणूक झाल्याचे मान्य होते, परंतु पाहून झाल्यावर हाती काय उरले याचे उत्तर सापडत नव्हते.

त्या गोष्टीला आता काही वर्षे लोटली आहेत. २०२० ते २०२५ या सहा वर्षांत या मालिकेचा एकही नवा चित्रपट चित्रपटगृहांत आला नाही. पुढील चित्रपटासाठी कंपनीने मे २०२६ हा मुहूर्त जाहीर केला, तेव्हा जुना वाद पुन्हा उकरून काढला गेला. एका परदेशी करमणुकीच्या चित्रपटाची एवढी मीमांसा कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, येथे प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. एखादी मोठी संस्था 'आम्ही लोकांचे ऐकतो' असे म्हणते, तेव्हा ती नेमके कोणाचे ऐकते आणि ऐकून काय करते, याचा हा एक बोलका दाखला आहे. तो समजून घेण्यासाठी त्या मालिकेचा चाहता असण्याची आवश्यकता नाही.

आठवणींची खरेदी

पहिला 'स्टार वॉर्स' २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत अवघ्या ३२ चित्रपटगृहांत लागला. निर्मितीखर्च सुमारे १ कोटी १० लाख डॉलर होता आणि तो चालेल याची निर्मिती करणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सलाही फारशी खात्री नव्हती. दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी दीड लाख डॉलरांच्या मानधनावर समाधान मानले आणि त्याऐवजी पुढील भागांचे व खेळण्यांसारख्या अनुषंगिक वस्तूंचे हक्क आपल्याकडे राखले. चित्रपटधंद्याच्या इतिहासात याहून दूरदर्शी करार क्वचितच झाला असेल. त्या वर्षीच्या नाताळात मागणी एवढी वाढली की, केनर या खेळण्यांच्या कंपनीला बाहुल्या वेळेवर तयार करता आल्या नाहीत. तेव्हा तिने एक रिकामे पाकीट विकावयास काढले. त्यात एक प्रमाणपत्र होते आणि ते पाठविल्यास पुढील वर्षी चार बाहुल्या घरपोच मिळणार होत्या. लोकांनी ते रिकामे पाकीटही पैसे मोजून घेतले.

या पाकिटाचे अर्थशास्त्र बारकाईने पाहण्याजोगे आहे. चित्रपटाचे तिकीट दोन तासांत संपते. परंतु बाहुली घरी राहते, आणि तिच्याशी खेळणारे मूल पडद्यावर न घडलेली कथा स्वतः रचू लागते. १९८० आणि १९८३ साली आणखी दोन भाग आले. त्यानंतर १९९९पर्यंत सोळा वर्षे नवा भाग आला नाही. या पोकळीत खेळणी, कादंबऱ्या व चित्रकथा यांच्या आधाराने लाखो लोकांनी ती सृष्टी आपल्या मनात जिवंत ठेवली. म्हणजे या मालिकेचे मूल्य एकट्या निर्मात्याने निर्माण केले नव्हते. ग्राहकाच्या कल्पनाशक्तीचे भांडवलही त्यात गुंतले होते.

ऑक्टोबर २०१२ मध्ये डिस्ने कंपनीने लुकास यांची कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरांना घेण्याचे जाहीर केले. यंत्रसामग्री वा इमारती यांची किंमत एवढी होत नाही. डिस्नेने विकत घेतली ती तीन पिढ्यांची आठवण. अशा मालमत्तेची अडचण ही की, तिची कायदेशीर मालकी कागदावर हस्तांतरित होते, पण तिचा साठा मात्र इतरांच्या मनातच राहतो. २०१४ साली नव्या मालकाने आधीच्या कादंबऱ्यांतील कथा यापुढे अधिकृत मानल्या जाणार नाहीत, त्या 'दंतकथा' समजाव्यात, असे जाहीर केले. व्यवहाराच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. तथापि वीस-पंचवीस वर्षे ती पुस्तके वाचणाऱ्याला आपल्या आठवणींचा एक भाग कोणी परस्पर रद्द केल्यासारखे वाटले, तर त्याचेही नवल वाटावयास नको.

योजनेविना तीन भाग

नव्या मालकाने अखेरचे तीन भाग काढले, परंतु त्या तिन्हींचा एक आराखडा आधी ठरविला नव्हता. २०१५चा भाग जे. जे. एब्रम्स यांनी केला. तो १९७७च्या कथेच्या एवढा जवळ होता की, त्यात नवे काही नाही अशी खंत खुद्द लुकास यांनी व्यक्त केल्याचे डिस्नेचे तत्कालीन प्रमुख बॉब आयगर यांनी आपल्या २०१९च्या आत्मकथनात नमूद केले आहे. उत्पन्न मात्र जगभरात सुमारे २०७ कोटी डॉलर झाले.

२०१७चा भाग रायन जॉन्सन यांनी लिहिला व दिग्दर्शित केला आणि कथेला निराळेच वळण दिले. ज्या ल्यूक स्कायवॉकरला प्रेक्षक वीर मानत आले होते, तो येथे पराभवाने खचून एकांतवासात गेलेला वृद्ध दिसला. नायिका रे हिचे आईबाप कोण, या कोड्याचे उत्तर 'कोणीही नव्हे' असे देण्यात आले: दारूच्या पैशांसाठी मुलीला विकून टाकणारी क्षुद्र माणसे. चित्रपटाच्या शेवटच्या दृश्यात तबेल्यात राबणारा एक निनावी मुलगा न शिवता झाडू हाती ओढून घेतो. अद्भुत शक्ती घराण्याची मिरास नाही, ती कोणाच्याही ठायी असू शकते, असा त्याचा अर्थ होता.

यावर गदारोळ उठला. हा चित्रपट अधिकृत कथेतून काढून टाकावा, अशा मागणीच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. अखेरच्या भागासाठी आधी नेमलेले दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्हॉरो सप्टेंबर २०१७ मध्येच बाहेर पडले होते. त्यांच्या जागी एब्रम्स यांना पुन्हा बोलावण्यात आले होते. राजकन्या लेयाची भूमिका करणाऱ्या कॅरी फिशर यांचे डिसेंबर २०१६ मध्ये निधन झाल्याने त्यांची पूर्वी न वापरलेली दृश्ये जोडून काम भागवावे लागले. अखेरच्या भागाची उणीदुणी काढताना या अडचणींचा विसर पडता कामा नये.

आकडे काय सांगतात

या गदारोळाचे मोजमाप कसे करावयाचे? 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर २०१७च्या भागाला शंभरांतील सुमारे ९१ समीक्षकांनी अनुकूल ठरविले, तर प्रेक्षकांची पसंती चाळिशीच्या आसपास घुटमळली. २०१९च्या भागाबाबत चित्र नेमके उलटे: समीक्षकांपैकी जेमतेम निम्मे अनुकूल, प्रेक्षकांची पसंती मात्र ८६ टक्के. यावरून समीक्षक आणि जनता यांच्यात दरी पडली असा निष्कर्ष अनेकांनी काढला. परंतु संख्याशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही येथे थबकेल. २०१७ साली कोणालाही, चित्रपट न पाहताही, कितीही खात्यांवरून मत नोंदविता येत होते. मे २०१९ पासून तिकीट घेतल्याची खातरजमा झालेल्यांची मते वेगळी मोजली जाऊ लागली. मोजण्याची पट्टीच बदलली असता दोन मापांची तुलना करणे सयुक्तिक नव्हे.

सिनेमास्कोर ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या दिवसांत चित्रपटगृहातील प्रेक्षकांना मतपत्रिका देऊन श्रेणी ठरविते. तिच्या पाहणीत २०१७च्या भागाला 'ए' आणि २०१९च्या भागाला 'बी प्लस' मिळाले. म्हणजे आपण होऊन बोलणाऱ्यांचे मत एक होते आणि ज्यांना विचारले गेले त्यांचे मत दुसरे. मॉर्टन बे या संशोधकाने २०१८ साली रायन जॉन्सन यांना उद्देशून लिहिलेल्या सुमारे हजार संदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रतिकूल संदेश साधारण पाचांत एक एवढेच आढळले. आणि त्यांतील सुमारे निम्मे राजकीय हेतूने, खोडसाळपणाने किंवा यंत्रांकरवी लिहिलेले असावेत, असे त्यांचे अनुमान होते. याचा अर्थ २०१७च्या भागावरील सर्व टीका खोटी होती असा कोणी करू नये. प्रामाणिक नाराजी होती आणि तिला कारणेही होती. एवढेच म्हणावयाचे की, गोंगाटाची उंची आणि नाराजांची संख्या या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

निष्ठा आणि आवाज

अर्थशास्त्रज्ञ आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली एका छोट्या पुस्तकात असे मांडले की, एखाद्या संस्थेचा दर्जा घसरला म्हणजे असंतुष्ट ग्राहकापुढे दोन वाटा असतात. तो सोडून जातो, किंवा थांबून आवाज उठवितो. नायजेरियातील रेल्वेचा कारभार मालमोटारींची स्पर्धा असूनही सुधारत का नाही, या कोड्यातून त्यांना ही कल्पना सुचली. ज्यांनी तक्रार करून रेल्वेला जागे केले असते, तेच ग्राहक मालमोटारींकडे निघून गेले होते. या दोन वाटांपैकी माणूस कोणती निवडील हे त्याच्या निष्ठेवर अवलंबून असते. निष्ठावंत सहसा जात नाही, म्हणून तोच मोठ्याने बोलतो.

'स्टार वॉर्स'च्या चाहत्याला दुसरी मालमोटार उपलब्ध नव्हती. साबण आवडला नाही तर दुकानदार दुसरा देतो. ल्यूक स्कायवॉकरचा दुसरा शेवट बाजारात मिळत नाही. तेव्हा तो ओरडला, यात नवल नाही. चूक झाली ती ऐकणाऱ्याची. आवाज हा रोगाची खूण सांगतो, औषध सांगत नाही. चाहते असमाधानी आहेत, याचे एक कारण तीन भागांमागे एक विचार नव्हता हे होते. २०१९च्या चित्रपटाने मात्र तक्रारींची यादी समोर ठेवून एकेक कलम निकालात काढावे, तसे काम केलेले दिसते.

१९७७च्या चित्रपटाच्या शेवटी वीरांना पदके दिली जातात, पण केसाळ च्यूबाकाच्या गळ्यात पदक पडत नाही, ही चाहत्यांची जुनी तक्रार. २०१९ मध्ये त्याला पदक मिळाले. १९८३नंतर या पटांत न दिसलेला लँडो परत आला. मृत हॅन सोलो मुलाच्या आठवणीच्या रूपाने क्षणभर पडद्यावर आला. आणि १९८३ साली ज्याचा अंत सर्वांनी पाहिला होता, तो दुष्ट सम्राट पॅल्पटीन पुन्हा जिवंत झाला. तो कसा परतला याचे धड स्पष्टीकरण नाही. त्याची जगाला दिलेली धमकी, जिच्यापासून ही कथा सुरू होते, ती तर चित्रपटात ऐकूच येत नाही; ती 'फोर्टनाइट' या संगणकीय खेळात काही दिवस आधी जाहिरातीदाखल ऐकविण्यात आली होती.

केन्स यांनी १९३६ साली शेअरबाजाराला वृत्तपत्रातील सौंदर्यस्पर्धेची उपमा दिली होती. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडावयाचे आणि ज्याची निवड सरासरी पसंतीच्या सर्वांत जवळ येईल त्याला बक्षीस. अशा स्पर्धेत शहाणा स्पर्धक स्वतःला आवडलेला चेहरा निवडीत नाही. इतरांना कोणता आवडेल याचा अंदाज करतो, आणि हे इतरही तेच करीत असतात. २०१९चा चित्रपट हा या खेळाचा उत्तम नमुना होय. निर्मात्याला काय सांगावयाचे आहे हे त्यात शोधून सापडत नाही. प्रेक्षकांना काय ऐकावयाचे असेल याचे अंदाज मात्र जागोजाग सापडतात.

आपल्या संगीत रंगभूमीला या मोहाची ओळख आहे. 'वन्स मोअर'च्या आरोळ्यांनी नाटक पहाटेपर्यंत चाले. रसिक तृप्त होत, पण कथानक ताटकळत राही. तथापि तेथे निदान तेच पद त्याच गायकाच्या गळ्यातून पुन्हा येत असे. येथे संपूर्ण चित्रपटच 'वन्स मोअर' झाला.

कुळ की कर्तृत्व?

सर्वांत मोठा वाद झाला तो रेच्या जन्माविषयी. २०१७ साली जी कोणाचीच नव्हती, ती २०१९ साली पॅल्पटीनची नात ठरली. याचे समर्थन करणाऱ्यांचे म्हणणे असे की, ती आजोबांचा वारसा नाकारते आणि अखेरीस स्वतःहून स्कायवॉकर हे नाव घेते. म्हणजे रक्तापेक्षा निवड श्रेष्ठ, हाच बोध उरतो. हे म्हणणे टाकाऊ नाही. जन्माचे रहस्य उलगडणे ही काही हीन युक्ती नव्हे. कर्णाला आपले कुळ कळते तेव्हा त्याची निवड सोपी होत नाही, अधिक दुर्घट होते, आणि तेथेच त्याची थोरवी दिसते.

परंतु कर्णाच्या कथेत ते रहस्य पहिल्यापासून विणलेले आहे. येथे आधी दिलेले उत्तर मागाहून पुसण्यात आले. आणि ते पुसताना तबेल्यातील त्या मुलाचाही विसर पडला. ज्याला घराणे नाही, वशिला नाही, अशा असंख्य तरुण प्रेक्षकांना दोन वर्षांपूर्वी सांगितले गेले होते की, पराक्रमासाठी कुळाची आवश्यकता नाही. अखेरच्या भागात मात्र निर्णायक युद्ध पुन्हा दोन घराण्यांच्या वारसांमध्येच झाले. ज्या प्रेक्षकांना यात विश्वासघात वाटला, त्यांना केवळ हट्टी ठरविणे अन्यायाचे होईल. तसेच ज्यांना जुन्या माणसांची भेट पुरेशी वाटली, त्यांनाही भोळसट म्हणण्याचे कारण नाही. निरोपाच्या वेळी माणूस तर्क शोधीत नाही, ओळखीचे चेहरे शोधतो. एकाच चित्रपटाने दोन निरनिराळ्या भुका जागविल्या होत्या. त्यांतील एकच त्याला भागविता आली.

हक्क आणि त्याची मर्यादा

येथवर प्रेक्षकाची बाजू मांडली. तिला एक मर्यादाही आहे. २०१७च्या भागात रोझ ही भूमिका करणाऱ्या केली मेरी ट्रॅन या व्हिएतनामी वंशाच्या अमेरिकन अभिनेत्रीवर वंश व रूप यांवरून इतकी घाणेरडी टीका झाली की, २०१८ साली तिने इन्स्टाग्रामवरील आपला सर्व मजकूर काढून टाकला. पुढे 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून तिने आपली व्यथा मांडली. १९९९च्या भागात जार जार बिंक्स साकारणारे अहमद बेस्ट यांनी, त्या वेळच्या हेटाळणीने आपण आत्महत्येच्या विचारापर्यंत पोहोचलो होतो, असे जवळजवळ दोन दशकांनी सांगितले. लेखकाने लिहिलेल्या पात्राचा राग नटावर काढणे हा रसिकाचा हक्क नव्हे.

२०१९च्या भागात रोझची भूमिका अगदी थोडी उरली. लेयाची जुनी दृश्ये जोडताना येणाऱ्या तांत्रिक अडचणींमुळे हे घडले, असे सहलेखक ख्रिस टेरिओ यांनी सांगितले. ते खरे मानले तरी, ज्यांनी तिला छळले त्यांना तो आपला विजय वाटला, हे नाकारता येत नाही. गोंगाटाला मिळालेले, किंवा मिळाल्यासारखे दिसणारे, प्रत्येक बक्षीस पुढच्या गोंगाटाला आमंत्रण असते. शाळा-महाविद्यालये, कचेऱ्या आणि सार्वजनिक संस्था चालविणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. मुकाट्याने रांगेत उभ्या राहणाऱ्यांचे मत कोणी मुद्दाम विचारले नाही, तर खिडकीवर मुठी आपटणाऱ्यांचेच मत लोकमत म्हणून नोंदले जाते.

काळाचा निवाडा

सर्वांना खूश करण्याच्या या प्रयत्नाचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. २०१५च्या भागाचे जागतिक उत्पन्न सुमारे २०७ कोटी डॉलर, वादग्रस्त २०१७च्या भागाचे सुमारे १३३ कोटी आणि तडजोडीच्या २०१९च्या भागाचे १०७ कोटींच्या आसपास. रक्कम लहान नव्हे. पण ज्यांची मर्जी राखण्यासाठी कथा वाकविली, ते अधिक संख्येने आले नाहीत, एवढे तरी त्यावरून दिसते.

उलट, कोणीही मागितले नव्हते ते देऊन या मालिकेने पुढे प्रतिष्ठा मिळविली. २०२२ आणि २०२५ साली दोन पर्वांत आलेली 'अँडोर' ही छोट्या पडद्यावरील मालिका समीक्षकांनी नावाजली. तिच्यात स्कायवॉकर नाहीत, तळपत्या तलवारींची द्वंद्वे नाहीत. कारकून, कामगार, तुरुंगातील कैदी आणि जुलमी राजवटीत हळूहळू बंडाकडे वळणारी साधी माणसे आहेत. प्रेक्षकाला काय हवे असते, हे पुष्कळदा त्यालाही ते समोर आल्यावरच कळते.

शिवाय कौल बदलतोही. १९९९ ते २००५ दरम्यानच्या तीन भागांची एके काळी यथेच्छ टवाळी झाली. ते लहानपणी पाहिलेली पिढी मोठी झाली, आणि २००५चा भाग २०२५ साली पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा लोकांनी त्यासाठी गर्दी केली. त्या भागांत दोष नव्हते असे नव्हे. परंतु चुकले असले तरी ते एका माणसाला काही सांगावयाचे होते म्हणून चुकले होते. अशा चुकीला काळ पुष्कळदा क्षमा करतो. २०१९चा भागही उद्याच्या पिढीला आवडेल काय, हे तीच ठरवील. त्याच्या बाजूने मात्र हा युक्तिवाद करता येणार नाही.

कथेचा मालक प्रेक्षकाचे देणे लागतो, यात शंका नाही. कारण त्या कथेच्या मूल्यात प्रेक्षकाचाही वाटा आहे. परंतु ते देणे आज्ञापालनाचे नाही. आपण एक गोष्ट विचारपूर्वक सांगत आहोत आणि काल जे सांगितले ते आजच्या आरडाओरड्याने मागे घेणार नाही, एवढा प्रामाणिकपणा त्याने दाखवावा. प्रेक्षकाने त्यावर रागवावे, वाद घालावा, हवे तर पाठ फिरवावी. तो त्याचा अधिकार आहे. कथेचा शेवट मात्र मतमोजणी करून लिहिता येत नाही. तसा लिहिला तर काय होते, याचे उदाहरण डिसेंबर २०१९ने आपल्यापुढे ठेवले आहे.